जखम एका पायाला, शुश्रूषा चारही पायांची

घोड्याच्या पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट आहे, आणि तिथून खाली खुरापर्यंत स्नायू जवळजवळ नाहीतच. हाड, हाडाला बिलगून उतरणाऱ्या कंडरा आणि त्यावर ताणून बसलेली कातडी, एवढाच तिथला ऐवज. अशी हलकी रचना पळण्याला सोयीची असते, पण जखम भरून यायला ती अडचणीची ठरते. तारेच्या कुंपणात अडकून किंवा पत्र्याच्या धारेवर घसरून पायाला मोठी जखम झाली की मालकाचं सगळं लक्ष पहिल्या दिवशी टाके घालण्याकडे असतं. माझं म्हणणं असं आहे की घोडा वाचेल की नाही, पुन्हा चालेल की नाही, हे बहुतेक वेळा त्या पहिल्या दिवसापेक्षा पुढच्या तीन-चार महिन्यांत ठरतं. आणि त्या महिन्यांतली शुश्रूषा जखमेपुरतीच राहिली तर टाके कितीही चांगले पडले तरी घोडा हातचा जाऊ शकतो.

दोन प्रसिद्ध घोड्यांची उदाहरणं शेजारी ठेवून पाहू. 20 जुलै 1982 रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये राणीच्या घोडदळावर खिळे भरलेल्या बॉम्बचा हल्ला झाला आणि सात घोडे दगावले. सेफ्टन नावाच्या घोड्याच्या अंगावर 34 जखमा होत्या, मानेची मोठी रक्तवाहिनी तुटली होती, एक डोळा जखमी होता, आणि वय होतं 19 वर्षं. तो वाचला, आणि पुन्हा पलटणीच्या कामावर गेला. दुसरा घोडा बार्बारो, 2006 च्या केंटकी डर्बीचा विजेता. त्याच वर्षी 20 मे रोजी पुढच्या मोठ्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात धातूची पट्टी आणि 27 स्क्रू घालून तो पाय जोडला गेला, आणि तो बऱ्यापैकी जुळतही आला. पण जुलैत मागच्या डाव्या, म्हणजे धडधाकट पायाच्या खुराला लॅमिनायटिस, म्हणजे हाडाला खुराशी धरून ठेवणाऱ्या आतल्या पदरांचा आजार, झाला. खुराची बरीचशी भिंत काढून टाकावी लागली. पुढे दोन्ही पुढच्या पायांनाही तोच आजार झाला, आणि 29 जानेवारी 2007 रोजी त्याला कायमचं झोपवावं लागलं. मोडलेलं हाड आणि बॉम्बच्या जखमा यांची तुलना न्याय्य नाही असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबरही आहे. पण बार्बारोच्या बाबतीत घात मोडलेल्या पायाने केला नाही, बाकीच्या पायांनी केला. हाड शाबूत असलेल्या खोल जखमेतही हेच घडू शकतं, कारण दुखरा पाय उचलून धरणारा घोडा आपल्या चारशे-पाचशे किलोच्या ओझ्यातला त्या पायाचा वाटा जोडीच्या दुसऱ्या पायावर टाकतो.

आधी जखमेकडे वळू. घोड्याच्या बरगडीजवळची जखम आश्चर्य वाटावं इतक्या लवकर भरते; तेवढीच जखम पायाच्या नळीवर असेल तर पहिले काही दिवस ती उलट मोठी होत जाते, कारण कातडीच्या कडा मागे ओढल्या जातात. मालकाला वाटतं की औषध लागू पडत नाही. वस्तुतः हा तिथल्या जखमेचा स्वभाव आहे. नंतर कडेने नवी त्वचा सरकू लागते, तीही दिवसाला एक मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाने. म्हणजे एक सेंटिमीटर झाकायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात झालेल्या अभ्यासांत असं दिसलं की लहान चणीच्या तट्टांच्या जखमा मोठ्या घोड्यांपेक्षा लवकर भरतात. तट्टाच्या शरीरात सुरुवातीची सूज जोरात येते आणि आपलं काम उरकून ओसरते. मोठ्या घोड्यात ती मंद असते आणि रेंगाळत राहते. या रेंगाळण्यातूनच पायावर लालभडक, गाठाळ, वाढीव मांस उगवतं. ते कातडीच्या पातळीच्या वर आलं की नव्या त्वचेला पुढे सरकायला वाटच उरत नाही. या मांसात संवेदना नसते, त्यामुळे पशुवैद्य ते कापून पातळीवर आणतात तेव्हा घोड्याला दुखत नाही; रक्त मात्र भरपूर जातं, म्हणून ते काम घरी करायचं नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: मोरचूद, चुना, टर्पेंटाइन लावून पिढ्यान् पिढ्या घोडे बरे झालेच ना? मोरचुदाने वाढीव मांस जळतं, हे खरं आहे. पण त्याबरोबर कडेची ती नाजूक नवी त्वचाही जळते, आणि तिचाच वेग मुळात इतका कमी आहे. टर्पेंटाइनने किडे बाहेर पडतात, पण खालची जिवंत ऊतकं होरपळतात. चिमट्याने किडे काढून, जखम धुऊन, माशी बसणार नाही अशी पट्टी बांधणं हा त्याहून बरा मार्ग. जे बरे झाले ते या औषधांमुळे की त्यांना न जुमानता, हे त्या अनुभवातून कळत नाही. धुण्यासाठी उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सुमारे नऊ ग्रॅम मीठ पुरतं. स्वतःच्या डोळ्यात जे घालवणार नाही ते उघड्या जखमेत घालू नये, एवढा नियम पाळला तरी निम्मं नुकसान टळेल.

पहिल्या दिवसाला महत्त्व नाही असा याचा अर्थ नव्हे. सांध्याजवळची किंवा कंडरेच्या आवरणाजवळची जखम छोटी दिसली तरी ती लोंबणाऱ्या कातडीच्या मोठ्या जखमेहून घातक असू शकते. खिळ्याएवढ्या भोकातून पिवळसर, चिकट पाणी येत असेल तर ते सांध्यातलं वंगण असू शकतं, आणि जंतू आत गेले असतील तर सांधा धुण्यासाठी हाताशी दिवस नव्हे, तास असतात. धनुर्वाताचं तसंच. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो, आणि त्याचे जंतू मातीत व घोड्याच्याच लिदीत असतात. लस चालू नसेल तर त्याच दिवशी प्रतिविष द्यावं लागतं. मुख्य कंडरांपैकी पायाच्या पुढच्या बाजूची तुटली तर घोडा बहुधा पुन्हा कामाला येतो. मागच्या बाजूच्या तुटल्या तर आशा बरीच कमी होते. उघडं पडलेलं हाड वाळलं तर त्याचा वरचा पापुद्रा मरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रेत दिसतो. जखम वरून बरी दिसत असून एका जागी पू थांबत नसेल तर तेच कारण शोधावं.

आता उरलेल्या तीन पायांकडे येऊ. सगळ्यांत कमी लक्ष तिथेच जातं. खुरात स्नायू नसतात. तिथलं रक्त फिरतं ते पाय उचलण्या-टेकण्याने. घोडा तासन् तास एकाच पायावर भार देऊन उभा राहिला की खुराच्या आतल्या पदरांना रक्त कमी पडतं, आणि हाडाला खुराशी धरून ठेवणारी वीण उसवू लागते. त्यामुळे चांगल्या पायाखाली मऊ, जाड बिछाना हवा, तळव्याला आधार हवा, आधाराची पट्टी हवी, आणि रोज हात लावून खुराची उष्णता पाहायला हवी. वेदनाशामक देऊ नये, दुखणं मारलं तर घोडा जखमी पायावर जोर देईल, असं पुष्कळ मोतद्दार सांगतात. हाड मोडलेलं असेल तर ही भीती रास्त आहे. हाड, सांधा, मुख्य कंडरा शाबूत असतील तर मात्र त्याने त्या पायावर थोडा भार टाकावा हेच आपल्याला हवं आहे, कारण त्यानेच दुसरा पाय वाचतो. मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची, कारण ही औषधं फार दिवस चालली तर पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड बिघडतं. बांधून ठेवलेल्या घोड्याचं पोटही सांभाळावं लागतं. काम बंद झालं की चंदी कमी आणि वैरण जास्त, पाणी सतत समोर, आणि लीद रोज पाहायची. ती कोरडी किंवा कमी झाली तर पोटशूळ जवळ आला म्हणून समजावं. पट्टी सैल असेल तर घसरून जखम घासते. एकाच जागी आवळली गेली तर खालची कंडरा दुखावते. म्हणून कापसाचा जाड थर आधी, आणि वरचा ताण सगळीकडे सारखा.

इतके महिने जनावराला खितपत ठेवण्यापेक्षा सोडवलेलं बरं, असं म्हणणाऱ्यांच्या मनात दया असते, आणि काही वेळा त्यांचंच म्हणणं बरोबर असतं. सांधा जंतूंनी पोखरला असेल, औषध देऊनही घोडा खात नसेल, पाय टेकत नसेल, किंवा दुसऱ्या खुरातलं हाड खाली सरकलं असेल, तर ओढत नेणं हा क्रूरपणा आहे. पण नळीवरची उघडी, ओंगळ दिसणारी जखम हे कारण पुरेसं नाही. तिला फक्त वेळ लागतो, आणि त्या काळात खाणारा, कान टवकारणारा घोडा यातनेत नसतो.

सर्वांत अवघड प्रश्न पैशाचा आहे. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात किंवा महाबळेश्वरात ज्याचं घर एका घोड्यावर चालतं, त्याला चार महिने घोडा उभा ठेवा म्हणणं सोपं आहे. ते चार महिने तो खाणार काय, हे सांगितल्याशिवाय त्या सल्ल्याला अर्थ नाही. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत घोडा पोचवला तरी घरी परतल्यावरची पट्टी, वैरण आणि बुडालेली मजुरी त्याच्याच माथी येते. लंगडा घोडा पुन्हा खोगिराखाली दिसतो तो बहुतेक याच कारणाने. म्हणून घोडेवाल्यांच्या संघटनांनी आणि या गावांच्या नगरपालिकांनी पर्यटकांकडून मिळणाऱ्या उत्पन्नातला काही भाग जखमी घोड्याच्या विश्रांतीच्या महिन्यांसाठी बाजूला ठेवावा, आणि धनुर्वाताची लस प्रत्येक घोड्याला सक्तीची करावी. वाचकांपैकी कोणी सुट्टीत तिकडे गेलात, तर बसण्याआधी घोड्याच्या चारही पायांकडे एकदा पाहा. पट्टी बांधलेल्या किंवा लंगडणाऱ्या घोड्यावर बसू नका, आणि जमलं तर त्याच्या मालकाला त्या फेरीचे पैसे तसेच द्या.