कामाच्या ठिकाणी न्याय : एका मानसशास्त्रज्ञाचे संशोधन

पुरेशी मजुरी दिली म्हणजे कामगाराला न्याय दिला, असा सर्वसाधारण समज आहे. देवास जिल्ह्यातील सतवासच्या बाजारातील हमाल असो, रस्त्याच्या कामावरील मजूर असो अथवा शाळेतील शिक्षक असो, मोबदल्याइतकेच तो आणखी दोन गोष्टींकडे पाहतो : निर्णय कोणत्या रीतीने झाला आणि तो आपणास कोणत्या शब्दांत सांगितला गेला. या अनुभवाला शास्त्रीय आधार देणाऱ्यांत अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले जेराल्ड ग्रीनबर्ग यांचे नाव अग्रभागी आहे.

कामगार आपले श्रम व मोबदला यांची तुलना इतरांच्या श्रम-मोबदल्याशी करतो, असा सिद्धांत स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६० नंतरच्या दशकात मांडला होता. ग्रीनबर्ग यांनी हा विचार पुढे नेला. १९८७ साली त्यांनी न्यायविषयक सिद्धांतांचे वर्गीकरण केले आणि या अभ्यासशाखेला ‘संघटनांतर्गत न्याय’ हे नाव रूढ झाले.

वेतनकपातीचा धडा

१९९० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास विशेष गाजला. मोठी कंत्राटे हातची गेल्यामुळे एका कंपनीने आपल्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के वेतनकपात केली. एका कारखान्यात प्रमुखांनी सुमारे दीड तास कारणे समजावून सांगितली, प्रश्नांना उत्तरे दिली व खेद व्यक्त केला. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत निर्णय ऐकवण्यात आला. तिसऱ्या कारखान्यात कपात नव्हती.

कपातीच्या काळात दोन्ही कारखान्यांतील चोरीचे प्रमाण वाढले. परंतु जेथे कारणे सांगितली नव्हती तेथे ते कितीतरी अधिक वाढले आणि नोकरी सोडणारेही तेथेच जास्त निघाले. वेतन पूर्ववत होताच चोऱ्याही पूर्वपदावर आल्या. कपात तीच, परंतु परिणाम निराळा.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात वेतन घटलेल्या परिचारिकांना निद्रानाशाचा त्रास होत असल्याचे आढळले. जेथे पर्यवेक्षकांना न्याय्य वागणुकीचे प्रशिक्षण दिले होते, तेथे हा त्रास कमी झाला. अन्यायाची झळ घरापर्यंत व झोपेपर्यंत पोहोचते, हे यातून दिसून आले.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेद्वारे सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद होती. काम देण्याबरोबरच हिशेब उघड ठेवणे हाही न्यायाचाच भाग होय, हे त्यामागील तत्त्व होते.

हे तत्त्व आचरणात आणण्यास मोठा खर्च लागत नाही. मजुरीचे दर कामाच्या जागी लावावेत. मोजमाप मजुरांसमक्ष घ्यावे. हजेरीपट वाचून दाखवावा. मजुरीस विलंब झाल्यास त्याचे खरे कारण सांगावे. तक्रार करणाऱ्याचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकावे. मुख्याध्यापकांनीही जादा कामाची वाटणी कोणत्या निकषावर केली, ते सहकाऱ्यांना सांगावे.

मात्र गोड शब्द हा मजुरीचा पर्याय नव्हे. ग्रीनबर्ग यांच्या अभ्यासात कारणे सांगितलेल्या कारखान्यातही चोऱ्या वाढल्याच होत्या. हक्काचा मोबदला वेळेवर देणे हे पहिले कर्तव्य. खुलासा आणि सन्मान यांनी त्या कर्तव्याला पूर्णता येते. हे भान अधिकारी, मुकादम आणि मजूर या सर्वांनी ठेवल्यास गावातील प्रत्येक कामावर परस्परविश्वास वाढेल, यात शंका नाही.