विश्लेषण : सायकलने ड्युटीवर ताजेतवाने कसे पोहोचाल? मे आणि जुलैचे गणित वेगळे का?

भंडारा शहर एकीकडे आणि ‘भंडारा रोड’ हे रेल्वे स्थानक दुसरीकडे, वरठीला. मधले अंतर दहा-बारा किलोमीटरचे. नागपूरला अप-डाऊन करणारा नोकरदार असो, वरठीच्या पोलाद कारखान्यातला कामगार असो की जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत जाणारा कर्मचारी, रोजचा प्रवास कुणालाच चुकत नाही. पेट्रोलचा खर्च पाहिला की अनेकांना घरातली सायकल आठवते. पण लगेच प्रश्न येतो, घामाघूम होऊन कामावर कसे जायचे?

हा प्रश्न फक्त शौकिनांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शेती आणि घरगुती उद्योगांबाहेर काम करणाऱ्यांपैकी देशात सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. म्हणजे साधारण दर आठांपैकी एक जण. त्यातल्या बहुतेकांकडे कामाच्या ठिकाणी शॉवर नव्हता आणि आजही नाही. मग घामाचे करायचे काय? त्यासाठी आधी घाम म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवे.

घाम का येतो?

सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, त्यातली जेमतेम २० ते २५ टक्के पेडलपर्यंत पोहोचते. उरलेली उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी त्वचेवर २० ते ४० लाख घामग्रंथी कामाला लागतात. घाम नुसता आला म्हणून शरीर थंड होत नाही. तो वाळला तरच थंडावा मिळतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जाते.

विदर्भातल्या माणसाला हे सांगायला पुस्तक लागत नाही. घरातला कुलर नेमके हेच करतो. मे महिन्यात तो खोली गार करतो, कारण हवा कोरडी असते आणि ताटीतले पाणी झटकन उडते. जुलैत तोच कुलर लावला तर खोली चिकट होते, कारण हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. शरीराचेही तसेच आहे. मे महिन्यात घाम येताच उडून जातो, म्हणून सायकलस्वाराला वाटते की आपण कोरडे आहोत. जुलैत तो वाळत नाही, शर्ट पाठीला चिकटतो.

म्हणून दोन ऋतूंचे प्रश्नही दोन आहेत. पावसाळ्यात अडचण वासाची आणि ओल्या कपड्यांची. उन्हाळ्यात अडचण जिवाची.

घामाला वास का येतो?

ताज्या घामाला जवळपास वास नसतो. अंगभर असलेल्या घामग्रंथींतून मुख्यतः पाणी आणि मीठ बाहेर पडते. काखेत आणि जांघेत मात्र वेगळ्या ग्रंथी असतात. वयात आल्यावर त्या सुरू होतात आणि त्यांच्या स्रावात प्रथिने व स्निग्ध पदार्थ असतात. त्वचेवरचे जिवाणू त्यांचे विघटन करतात, तेव्हा वास सुटतो. या क्रियेला वेळ लागतो. म्हणजे सकाळी स्वच्छ अंघोळ करून निघालेला माणस पोहोचताक्षणी ओला असेल, पण त्याला लगेच वास येत नाही. वास येतो तो तेच ओले कपडे दिवसभर अंगावर ठेवल्याने.

कपड्याचाही यात वाटा आहे. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांना एक तास व्यायामाची सायकल चालवायला लावली आणि त्यांचे टी-शर्ट तपासले. पॉलिस्टरच्या शर्टांना सुती शर्टांपेक्षा जास्त आणि अधिक नकोसा वास होता. वास निर्माण करणारे काही जिवाणू कृत्रिम धाग्यावर अधिक वाढतात, असे त्यात आढळले. कंपनीचा युनिफॉर्म बहुतेक वेळा टेरीकॉटचा, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेला असतो. तो घालून सायकल चालवण्याऐवजी पिशवीत नेणे का बरे, याचे उत्तर इथे मिळते.

वेग कमी केल्याने खरेच फरक पडतो?

पडतो, आणि वाटतो त्यापेक्षा जास्त. हवेचा विरोध तोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ६५ किलोचा माणूस, २० किलोची साधी काळी सायकल आणि सपाट डांबरी रस्ता धरून ढोबळ हिशेब केला, तर चित्र असे दिसते :

- ताशी १५ किलोमीटर : पेडलवर सुमारे ५० वॅट, १० किलोमीटरला ४० मिनिटे
- ताशी २० किलोमीटर : पेडलवर सुमारे ९५ वॅट, १० किलोमीटरला ३० मिनिटे

दहा मिनिटे वाचवण्यासाठी मेहनत जवळपास दुप्पट लागते. वेळ कमी लागत असला, तरी त्या अंतरात शरीरात तयार होणारी एकूण उष्णता सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. घामही त्याच हिशेबाने वाढतो. म्हणून ताजेतवाने पोहोचायचा पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे दहा मिनिटे आधी निघणे.

शेवटचा एक किलोमीटर तर आणखी हळू घ्यावा. सायकल चालू असताना अंगाला वारा लागत असतो. थांबताच वारा बंद होतो, पण शरीर तापलेलेच असते. त्यामुळे खरा घाम गेटवर पोहोचल्यावर फुटतो.

मेहनत वाढवणाऱ्या आणखी तीन गोष्टी दुर्लक्षित राहतात. टायरमध्ये कमी हवा, कोरडी चेन आणि खाली बसवलेली सीट. टायरच्या बाजूला किती हवा भरायची ते छापलेले असते. पेडल सर्वांत खाली असताना पाय जवळपास सरळ व्हायला हवा. या दुरुस्त्या पंक्चरच्या दुकानात थोड्या पैशांत होतात.

पोहोचल्यावर काय करावे?

- बॅग पाठीवर नको. पाठीला हवा लागू द्या. डबा आणि कपडे कॅरिअरवर बांधा किंवा हँडलच्या टोपलीत ठेवा.
- सायकल चालवताना सैल सुती बनियन किंवा टी-शर्ट घाला. कामाचा शर्ट घडी न घालता गुंडाळून न्या, चुण्या कमी पडतात.
- पोहोचताच कपडे बदलू नका. आठ-दहा मिनिटे सावलीत किंवा पंख्याखाली थांबा. घाम थांबण्याआधी घातलेला कोरडा शर्टही ओला होतो.
- ओल्या रुमालाने मान, काखा आणि पाठ पुसा, मग कोरड्या पंचाने टिपा. एक बाटली पाणी पुरते.
- घाम कमी करणाऱ्या अँटिपर्स्पिरंटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामग्रंथींचे तोंड तात्पुरते बुजवतात. ते रात्री कोरड्या त्वचेवर लावले तर अधिक परिणाम होतो. साधा डिओडरंट फक्त वास रोखतो, घाम नाही. न्हाव्याकडची तुरटी हीसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचा क्षारच. ओल्या काखेत फिरवली तर जिवाणूंना काही प्रमाणात आळा बसतो.
- ओल्या अंगावर पावडर थापू नका. तिचे गोळे होतात. घामोळ्या येतात त्या घामाचे मार्ग बंद झाल्याने, म्हणून त्वचा कोरडी आणि मोकळी ठेवणे महत्त्वाचे.
- ओला टी-शर्ट पिशवीत कोंबून ठेवू नका. दोरीवर टाका, परतताना तोच वापरता येतो.

मे महिन्यात धोका कसा ओळखायचा?

त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गरम झाली की सायकलवर लागणारा वारा शरीराची उष्णता नेण्याऐवजी उलट देऊ लागतो. शरीराकडे मग घाम वाळवणे हा एकच मार्ग उरतो. भर उन्हात मेहनत करताना तासाला एक लिटरहून जास्त पाणी घामावाटे जाऊ शकते. तो दिसत नसल्याने तहानेचा अंदाज चुकतो.

हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंशांवर गेले की उष्णतेची लाट आणि ४७ अंशांवर तीव्र लाट मानली जाते. विदर्भात नवतपाच्या आसपास हे आकडे नवे नाहीत. शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती.

अशा दिवसांत डोके, कान आणि मान सुती दुपट्ट्याने झाका. दुपट्टा ओला असेल तर तो कुलरच्या ताटीसारखे काम करतो. निघण्याआधी पाणी प्या आणि वाटेत घोट-घोट घेत राहा. मीठ घातलेले ताक, पन्हे, लिंबू-पाणी चालते. घरी जलसंजीवनी करायची तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी भर मे महिन्यात दहा किलोमीटर नको. मधुमेह असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे ही थांबण्याची खूण आहे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आणि विमानतळ गाठायचा असेल तर?

भंडाऱ्याहून नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ ६५ किलोमीटरच्या आसपास आहे. ताशी १५ किलोमीटरने चार तासांहून जास्त, तेही ट्रकांनी भरलेल्या राष्ट्रीय महामार्गावर. त्यापेक्षा हाच प्रवास तुकड्यांत करणे शहाणपणाचे. सामान एका पिशवीपुरते असेल तर वरठीपर्यंत सायकल, तिथून नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे मेट्रो. नागपूर रेल्वे स्थानकाजवळून अ‍ॅक्वा मार्गिकेने सीताबर्डी आणि तिथे गाडी बदलून ऑरेंज मार्गिकेने एअरपोर्ट स्थानक. रेल्वेतला तासभर अंग वाळवायला पुरतो, शर्ट नागपुरात बदलावा. सायकल सुरक्षित स्टँडवर किंवा ओळखीच्या घरी ठेवावी. पंक्चरचे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर मात्र तिथेच काढून ठेवावेत. विमानाच्या केबिन बॅगेत अवजारे चालत नाहीत.

सल्ला कुणासाठी, सोय कुणासाठी?

उन्हाळ्यात दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका, असे दरवर्षी सांगितले जाते. पाळीत काम करणाऱ्याला ते पाळता येत नाही. अनेक कारखान्यांत पहिली पाळी दुपारी दोनच्या सुमारास सुटते आणि दुसरी तेव्हाच सुरू होते. म्हणजे एका गटाचे घरी परतणे आणि दुसऱ्याचे कामावर येणे, दोन्ही दिवसाच्या सर्वांत वाईट वेळी. आठ तास भट्टीजवळ उभे राहिलेल्या माणसाला परतीच्या दहा किलोमीटरसाठी ‘हळू चालवा’ एवढेच सांगून भागत नाही.

इथे उपाय कामाच्या ठिकाणीच करावे लागतात आणि ते महागडे नाहीत. सायकल स्टँडवर पत्र्याचे छप्पर, गेटजवळ थंड पाण्याची टाकी, कपडे बदलायला एक आडोसा, शर्ट टांगायला खिळा, पाळी सुटल्यावर दहा मिनिटे बसायला पंख्याखाली बाक. लाटेच्या दिवसांत पाळीची वेळ तास-दोन तास पुढे-मागे करणे, हा त्याहून मोठा आणि बिनखर्चाचा उपाय.

जुलैतला घाम सायकलस्वार स्वतः सांभाळू शकतो. त्याला एक जादा बनियन आणि दहा मिनिटे पुरतात. मे महिन्यातल्या दुपारी मात्र तो एकट्याने सांभाळण्याची गोष्ट नाही.