औषधाची रिअ‍ॅक्शन आली? मोबाईलवरून अशी नोंदवा

गोळी घेतली, अंगावर पुरळ आलं, डॉक्टरांनी गोळी बदलली. विषय संपला? नाही मित्रांनो, हे सरकारला कळवताही येतं. त्यासाठी २०१० पासून 'पीव्हीपीआय' हा कार्यक्रम सुरू आहे.

नोंद कशी करायची?

१. आधी डॉक्टरांना दाखवा.
२. मग कामाच्या दिवशी १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर फोन करा. पेशंटसाठी मराठी फॉर्मसुद्धा आहे.
३. औषधाचं नाव, बॅच नंबर, गोळी कधी घेतली, त्रास कधी झाला, एवढं सांगा.

मी गोळ्या आणल्या की स्ट्रिपचा आणि बिलाचा फोटो काढतो. कापलेल्या स्ट्रिपवर बॅच नंबर राहतोच असं नाही.

ही कुणाविरुद्धची तक्रार नाही आणि तुमचं नाव गुप्त राहतं.

उपयोग काय? एका नोंदीने काही सिद्ध होत नाही, पण तसाच त्रास अनेकांनी कळवला की धोका दिसतो. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतलं जाणारं मेफेनॅमिक अ‍ॅसिड घ्या. अशाच नोंदी तपासून २०२३ मध्ये त्याच्या 'ड्रेस' या गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल इशारा दिला गेला.

नंबर आत्ताच सेव्ह करा!