सात राजांचा डाव आणि मनांतील डूख

सारीपाट असो वा बुद्धिबळ, पटाभोवतीं बसणाऱ्यांचें परस्परांशीं नातें आधींच ठरलेलें असतें. समोरचा तो शत्रु; त्याच्याशीं बोलण्याचेंहि प्रयोजन नसतें. ‘डिप्लोमसी’ या अमेरिकन खेळाची गोष्ट निराळी आहे. हार्वर्ड विद्यापीठांत शिकलेल्या ॲलन कॅल्हॅमर यांनीं तो इ. स. १९५४ मध्यें रचला आणि १९५९ मध्यें स्वतःच त्याच्या पांचशें प्रती काढल्या. पहिल्या महायुद्धापूर्वींचा युरोप हा त्याचा पट. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्थान हीं सात राष्ट्रें सात खेळाडू चालवितात, आणि कोण कोणाचा शत्रु हें खेळ सुरू झाल्यावर ठरतें. किंबहुना दर चालीला नव्यानें ठरतें.

या खेळांत फांसे नाहींत. त्यामुळें दैवाला दोष देण्याची सोय नाहीं. पटावर ३४ केंद्रें असतात. ज्याच्याकडे जितकीं केंद्रें, तितकीं सैन्यें वा आरमारें त्याला ठेवतां येतात, आणि १८ केंद्रें मिळविणारा डाव जिंकतो. प्रत्येक चालीपूर्वीं खेळाडू दोघे-दोघे, तिघे-तिघे बाजूला जाऊन मसलत करतात. मग जो तो आपले हुकूम चिठीवर लिहितो आणि सर्व चिठ्या एकदम उघडल्या जातात. प्रत्येक सैन्याचें बळ सारखेंच. दोन सैन्यें एकाच जागेसाठीं धांवलीं तर दोन्हीं होतीं तेथेंच राहतात. पुढें सरकावयाचें तर दुसऱ्या सैन्याचा पाठिंबा लागतो. आरंभीं रशियाजवळ चार आणि इतरांजवळ तीनच सैन्यें असल्यामुळें शेजाऱ्याच्या मदतीवांचून फार काळ निभत नाहीं. ती मदत मागावी तर लागते, परंतु दिलेला शब्द पाळण्याचें बंधन कोणावरहि नाहीं. विश्वासघाताला नियमांनींच मुभा ठेवली आहे. हें सर्वांना ठाऊक असतें, आणि तरीहि ज्याचा घात होतो त्याच्या तो जिव्हारीं लागतो.

श्रोत्यांनीं युरोपच्या नकाशावर व्हेनिस आणि त्रिएस्त हीं दोन शहरें डोळ्यांपुढें आणावीं. पटावर पहिलें इटलीचें, दुसरें ऑस्ट्रियाचें. दोन निरनिराळ्या राष्ट्रांचीं मूळचीं केंद्रें एकमेकांना खेटून असावीं असें साऱ्या पटावर हें एकच ठिकाण आहे. समजा, इटलीनें मैत्रीच्या गोष्टी बोलत बोलत पहिल्याच वर्षीं त्रिएस्त घेतलें. ऑस्ट्रियाचा खेळाडू संतापतो. “माझें काय व्हावयाचें तें होवो, याला कांहीं जिंकूं देणार नाहीं,” असें म्हणून तो पूर्वेकडील सैन्यें पश्चिमेस फिरवितो. मग बुडापेस्ट आणि सर्बिया उघडीं पडतात व रशिया आणि तुर्कस्थान तीं आयतीं उचलतात. दोन-तीन वर्षांत ऑस्ट्रिया पटावरून नाहींसा होतो. आणि इटली? तुर्काला थोपवून धरणारी जी भिंत होती ती ऑस्ट्रियाच होती. ती पडतांच तुर्की आरमार इटलीच्या दक्षिण किनाऱ्याशीं येऊन उभें राहतें. एकानें घात केला, दुसऱ्यानें डूख धरला, आणि भाकरी भाजली तिसऱ्याची.

ऑस्ट्रियानें मुकाट्यानें सहन करावयास हवें होतें, असा याचा अर्थ नव्हे. जो कधींच प्रतिकार करीत नाहीं त्याला सर्वच शेजारी कुरतडतात. परंतु “त्रिएस्त सोड, नाहींतर मी सर्व बळ तुझ्यावर लोटीन,” या धमकीला किंमत असते ती सैन्यें प्रत्यक्ष वळेपर्यंत. एकदां तीं वळलीं कीं सौदा करावयास हातांत कांहीं उरत नाहीं. इटलीलाहि मग माघार घेण्याचें कारण राहत नाहीं.

राग कोठवर धरावा या प्रश्नाची पाहणी शास्त्रीय रीतीनेंहि झालेली आहे. मिशिगन विद्यापीठांतील राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनीं संगणकाच्या कार्यक्रमांची एक स्पर्धा घेऊन तिचे निष्कर्ष १९८० मध्यें प्रसिद्ध केले. दोन-दोन कार्यक्रम समोरासमोर आणावयाचे आणि सहकार्य करावयाचें कीं दगा द्यावयाचा, हें त्यांनीं प्रत्येक डावांत २०० वेळां ठरवावयाचें, अशी ती योजना होती. निरनिराळ्या विद्वानांनीं पाठविलेल्या १४ कार्यक्रमांत पहिला आला तो सर्वांत छोटा. अनातोल रॅपोपोर्ट यांनीं तो पाठविला होता आणि त्याची रीत शुद्ध ‘जशास तशी’ होती: प्रथम सहकार्य, पुढें समोरच्यानें मागच्या खेपेस जें केलें तेंच. आपण होऊन दगा न देणाऱ्या कार्यक्रमांत सर्वांत कमी गुण मिळाले ते एकदां दगा झाला कीं शेवटपर्यंत क्षमा न करणाऱ्याला. उलट, दुसऱ्या स्पर्धेंत लागोपाठ दोनदां दगा झाल्यावरच प्रत्युत्तर देणारा क्षमाशील कार्यक्रम ६२ मध्यें चोविसावा आला. त्याच्या मऊपणाचा इतरांनीं फायदा घेतला. तो सामना दोघांचा, हा सातांचा. तेव्हां तें गणित जसेंच्या तसें येथें लागू पडणार नाहीं. तरी डूख धरणाराचें नुकसान कसें होतें तें त्यांत स्वच्छ दिसतें.

आतां निराशेकडे वळूं. ही डुखाचीच धाकटी बहीण. बुद्धिबळांत एक हत्ती फुकट गेला कीं जाणता खेळाडू बहुधा हार मानतो, आणि तें योग्यच असतें. कारण जितका तो दुबळा, तितका प्रतिस्पर्धी सबळ. सातजणांच्या डावांत हा हिशेब चुकतो. येथें सर्वांच्या डोळ्यांत सलतो तो पुढें गेलेला, आणि दुबळ्याला दोन्हींकडून बोलावणीं येतात. शिवाय या पटावर अशा कांहीं बचावाच्या रेषा अभ्यासकांनीं शोधून काढल्या आहेत कीं त्यांवर नेमक्या जागीं सैन्यें उभीं केलीं तर उरलेला सारा युरोप एकाच्या हातीं गेला तरी त्याला अठरावें केंद्र मिळत नाहीं. अशा रेषेंतील एखादी जागा पुष्कळदां सर्वांत लहान राष्ट्राच्या एकुलत्या एका सैन्याकडे असते. तें हाललें कीं डाव गेला. तें टिकलें कीं उरलेल्या सर्वांना बरोबरी मागतां येते. नेमक्या अशा वेळीं “आपलें काय राहिलें आहे आतां,” म्हणून तो खेळाडू उठून जातो. मग त्याचें सैन्य हुकुमावांचून जागच्या जागीं उभें राहतें. तें शेजाऱ्याला पाठिंबा देऊं शकत नाहीं आणि जोराचा धक्का बसतांच हटतें. त्याच्या निराशेचा दंड तो एकटा भरीत नाहीं. अर्थात् तिसऱ्याच वर्षीं पटावरून उठलेल्यानें इतरांचें तासन् तास चाललेलें राजकारण पाहत बसावें, हा या खेळाचा खराखुरा दोष आहे, आणि कडवटपणाचें एक मूळ त्यांतहि आहे.

जॉन बोर्डमन यांनीं १९६३ मध्यें ‘ग्राउस्टार्क’ नांवाचें पत्रक काढून टपालानें डाव खेळण्याची प्रथा चालू केली. (खुद्द कॅल्हॅमर पुढें इलिनॉयमध्यें टपालवाटपाची नोकरी करीत, हा योगायोगहि मौजेचा आहे.) टपालाच्या डावांत तींच तींच माणसें पुनःपुन्हां भेटूं लागलीं आणि एका डावांतील अढी दुसऱ्या डावांत जाऊं लागली. मागच्या खेपेचा वचपा यंदां काढणें खेळाडूंत अशिष्ट मानलें जातें. हल्लीं संगणकाच्या जाळ्यावर डाव मांडले जातात तेव्हां कित्येकदां नांवेंच झांकून ठेवतात. अशाच निनांवी डावांत २०२२ मध्यें मेटा कंपनीचा ‘सिसेरो’ हा कार्यक्रम ४० वेळां खेळला आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्यांत वरच्या दहा टक्क्यांत आला. तो माणसांशीं लेखी वाटाघाटी करी, मदत मागे, मदत देई. सूड घेणें हा हेतु मात्र त्याच्या हिशेबांत नव्हता.

माणसांच्या डावांत आणखी एक जुनी चाल आहे. डाव संपल्यावर प्रत्येकजण आपले खरे बेत लिहून इतरांना कळवितो. त्या निवेदनांतून कधीं कधीं असें उघडकीस येतें कीं, ज्या चालीवरून दोघांनीं डावभर वैर चालविलें ती दग्याची नव्हतीच. मदतीच्या हुकुमांत एका प्रांताचें नांव चुकीचें पडलें होतें, आणि नियमाप्रमाणें तें सैन्य जागेवरच थांबलें होतें.