आंबट, फसफसते आणि तोंडाला सुटणारे पाणी

‘तोंडाला पाणी सुटणे’ हा वाक्प्रचार मराठीत मोहासाठी वापरला जात असला, तरी चिंचेचे बुटूक किंवा मीठ लावलेली कैरीची फोड जिभेवर पडताच तोंड भरून येते त्यामागे मोहापेक्षा बचावाचा भाग मोठा आहे. आम्ल हे दातांना आणि तोंडाच्या नाजूक आतील आवरणाला घातक असते, आणि ते पातळ करून, निष्प्रभ करून, गिळून टाकण्याचे काम मुख्यतः लाळेवरच असते.

निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारणपणे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानांच्या पुढे, खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूस आणि जिभेखाली अशा लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असून, त्यांच्या मदतीला ओठ, गाल आणि टाळू यांच्या आवरणात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला जेमतेम 0.3 ते 0.4 मिलिलिटर लाळ झिरपते. तीव्र आंबट चवीने मात्र हाच वेग कित्येक पटींनी वाढून 7 मिलिलिटरपर्यंतही जाऊ शकतो. इतर चारही मूळ चवींहून अधिक लाळ आंबट चवीने सुटते, आणि म्हणूनच लाळेच्या प्रयोगांत ग्रंथींना चेतवण्यासाठी लिंबातील सायट्रिक आम्लाचे विरल द्रावण वापरण्याची पद्धत रूढ झाली आहे.

ही क्रिया डोळ्यांनी पाहता येते. आरशासमोर तोंड उघडून जिभेवर लिंबाच्या रसाचा थेंब ठेवला आणि जीभ टाळूला लावली, तर तिला खालून बांधून ठेवणाऱ्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक उंचवटा दिसतो, आणि त्यांच्या टोकांशी पाण्याचे स्वच्छ थेंब फुगून ओघळू लागतात. क्वचित त्यातून बारीक पिचकारीही उडते. त्याच वेळी कानाखाली, जबड्याच्या सांध्यापाशी जी ओढ किंवा कळ जाणवते, ती तेथील मोठ्या ग्रंथीची असते. एरवी निवांत असणारी ही ग्रंथी आंबट चवीने एकाएकी जोरात कामाला लागते आणि तिच्याभोवतीचे आवरण घट्ट असल्यामुळे तो ताण जाणवतो.

आंबटपणाची ओळख पटते ती हायड्रोजनच्या आयनांमुळे, म्हणजे आम्ल पाण्यात विरघळल्यावर सुटणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे. चिंचेत टार्टारिक, लिंबात सायट्रिक आणि कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक अशी आम्ले वेगवेगळी असली, तरी जिभेवरील स्वादकलिकांना ओळख पटवणारा कण तोच असतो. हा कण पेशीच्या आत नेणारे ‘ओटॉप-1’ नावाचे प्रथिन एमिली लिमन यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने 2018 मध्ये प्रकाशात आणले, आणि आंबट चव कळण्यासाठी ते आवश्यक असल्याचे पुढच्याच वर्षी उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले. स्वादकलिकांकडून निघालेला संदेश मेंदूच्या देठात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागात पोहोचतो आणि तेथूनच उलट पावली ग्रंथींकडे हुकूम सुटतो. विचार करणाऱ्या मेंदूची परवानगी या व्यवहारात लागत नाही, त्यामुळे लाळ रोखून धरण्याचा निश्चय कोणी कितीही केला तरी तो टिकत नाही.

सोड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर जिभेला बसणारा चिमटा बुडबुड्यांचा असतो, असे सहज वाटते; परंतु दाब वाढवलेल्या बंद खोलीत, जेथे बुडबुडे तयारच होऊ शकत नाहीत, तेथेही सोडा तितकाच झोंबतो, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. खरा कर्ता आहे तो पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर असलेले कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया वेगवान करणारे प्रथिन, त्या वायूचे आम्लात रूपांतर करते, आणि जिभेला ते आंबटच वाटते; शिवाय चेहऱ्याच्या वेदनावाहक चेतातंतूंनाही त्याचा डंख बसतो. उंच पर्वतावरील त्रासासाठी ॲसिटाझोलामाइड हे औषध घेणाऱ्या गिर्यारोहकांना फसफसणारी पेये बेचव लागतात, कारण ते औषध नेमक्या याच विकराला रोखते. कार्बोनिक आम्ल सौम्य असल्यामुळे नुसत्या सोड्याने लाळ बेताचीच सुटते. त्यात लिंबू पिळले की मात्र दोन्ही चेतना एकत्र येतात.

चिंचेच्या नुसत्या आठवणीनेही तोंड ओले होते, त्याचे कारण शिकलेल्या प्रतिक्षिप्त क्रियेत आहे. पचनसंस्थेवरील संशोधनासाठी 1904 चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांच्या तोंडात आम्ल घालून वाहणारी लाळ मोजली होती, आणि अनुभवाने आम्लाशी जोडली गेलेली नुसती खूणही पुढे तशीच लाळ आणते हे दाखवले होते. त्यांच्या प्रयोगातील एक बारकावा फार बोलका आहे: तोंडात गुळगुळीत खडे टाकले तर कुत्रा ते सहज थुंकून देई आणि लाळ जवळजवळ येत नसे, पण वाळू टाकली की लाळ भरपूर येई, कारण वाळू धुऊन काढण्यास पाणीच लागते. खाण्याशी संबंध नसलेल्या पदार्थालाही ग्रंथी गरजेनुसार उत्तर देतात, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

लाळेची कमाल तिच्या प्रमाणापुरती नाही. आम्लता मोजण्याच्या सामू या मापनात 5.5 च्या सुमारास दाताचे कवच विरघळू लागते आणि लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 3 असतो. लाळेचा वेग वाढतो तसे तिच्यातील बायकार्बोनेटचे प्रमाणही वाढते, आणि हा क्षार आम्लाला निष्प्रभ करतो. म्हणजे जेव्हा गरज मोठी तेव्हा लाळ अधिक समर्थ होते. झोपेत मात्र हा प्रवाह जवळजवळ थांबतो. त्यामुळे रात्री झोपताना घेतलेले शीतपेय दिवसा घेतलेल्यापेक्षा दातांना अधिक बाधते, आणि ज्यांचे तोंड वयाने, औषधांनी किंवा आजाराने कोरडे पडते, त्यांनी लाळ सुटावी म्हणून आंबट गोळ्या चघळत राहणे हे हिताचे नसते. अशांनी साखरविरहित च्युइंगम चघळावे आणि दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा. जेवताना किंवा आंबट खाताना जबड्याखाली वारंवार सूज येऊन कळ मारत असेल, तर लाळेच्या नलिकेत खडा अडकल्याची शक्यता असते आणि ते तपासून घेणे अगत्याचे आहे. इतरांनी आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि मऊ पडलेल्या कवचावर लगेच ब्रश न फिरवता लाळेला तिचे काम करण्यास निदान अर्धा तास तरी द्यावा.