केशराचा कंद आणि बाळाचा रंग

डोहाळजेवणाच्या ओटीत अलीकडे नारळाबरोबर केशराची एक इवलीशी डबीही हमखास असते. "रोज दुधातून घे, बाळ गोरे होईल," हा सल्ला तिच्यासोबतच येतो. बालरोगतज्ज्ञापर्यंत हे केशर पोहोचते ते बाळंतपणानंतर, आणि तेही बहुधा तक्रारीच्या सुरात: एवढे केशर घेऊनही बाळ सावळेच कसे? वैद्यकाच्या दृष्टीने याचे उत्तर एका वाक्यात संपते. परंतु ही वनस्पती वाढते कशी, फुलते कशी, हे नीट पाहिले तर तिच्याकडे मागायला आपण भलतीच गोष्ट निवडली आहे, असे वाटू लागते.

केशराचे शास्त्रीय नाव क्रोकस सॅटायव्हस, कुल इरिडेसी. ही बहुवर्षायू ओषधी जमिनीवर खोड म्हणून काहीच दाखवीत नाही. तिचे खोड मातीखाली असते, आखूड, जाड आणि अन्नाने भरलेले. वनस्पतिशास्त्रात यालाच दृढकंद म्हणतात. कांदा आडवा कापला तर पापुद्र्यांवर पापुद्रे दिसतात. दृढकंद कापला तर आत सलग, भरीव, पिठूळ गर दिसतो. आपल्या स्वयंपाकघरातला सुरण हा याच जातीचा कंद. केशराचा कंद मात्र लहान, लसणीच्या गड्ड्याहून फारसा मोठा नाही, आणि त्यावर तपकिरी तंतूंचे जाळीदार आवरण असते.

या कंदाचे वर्ष आपल्या वर्षाच्या उलट चालते. काश्मीरमध्ये पांपोरच्या करेवा जमिनीत तो उन्हाळाभर निद्रिस्त असतो; पण ही निद्रा वरवरची. सुमारे 23 ते 27 अंश तापमानात त्याच्या पोटात पुढच्या फुलांच्या कळ्या घडत असतात. शरद ऋतूत पारा 17 अंशांच्या आसपास उतरला, की त्या बाहेर पडतात. कोजागिरीच्या आगेमागे, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत, शेते जांभळी होतात. फुलांबरोबर किंवा त्यांच्यामागून गवतासारखी अरुंद पाने येतात. प्रत्येकीच्या मध्यावर एक पांढरी रेघ असते. हिवाळा आणि वसंत हा या पानांचा कष्टाचा काळ. त्यांनी तयार केलेले अन्न जुन्या कंदाच्या माथ्यावर उगवणाऱ्या बाळकंदांत साठते. मे महिन्यापर्यंत पाने वाळतात आणि आईकंद सुकून चिपाड झालेला असतो. अशा रीतीने एक पिढी पुढच्या पिढीत संपूर्ण रिती होते. बाळकंद वरच्या अंगाला येत असल्याने दरवर्षी ते पृष्ठभागाकडे सरकण्याचा धोका असतो. त्यावर उपाय म्हणून आकुंचन पावणारी खास मुळे त्यांना पुन्हा खाली ओढून घेतात.

फुलाची रचनाही विलक्षण आहे. जांभळी परिदले सहा, पिवळ्या परागकोशांची केसरदले तीन, आणि मधून वर आलेल्या किंजलाच्या लालभडक फांद्या तीन. या तीन फांद्या म्हणजेच किंजल्क, आणि तेच आपले केशर. संस्कृतात केसर म्हणजे फुलातला तंतू, आणि पुढे तो शब्द पुंकेसरासाठी रूढ झाला. इथे मात्र वस्तू स्त्रीकेसराची. फुलाचा किंजपुट जमिनीखालीच राहतो आणि एका लांब नळीने वरच्या फुलाशी जोडलेला असतो. एक किलो सुके केशर मिळवण्यास सुमारे दीड लाख फुले हातांनी खुडावी लागतात. त्याचा रंग क्रोसिनचा, कडवटपणा पिक्रोक्रोसिनचा आणि सुवास सॅफ्रॅनालचा. हा सुवास बव्हंशी किंजल्के वाळताना पिक्रोक्रोसिनपासून तयार होतो.

एवढा थाट असूनही या फुलाला बी धरत नाही. केशर त्रिगुणित आहे: मूळ 8 गुणसूत्रांचे तीन संच, एकूण 24. जननपेशी तयार होताना तीन संचांची समान वाटणी होऊ शकत नाही, म्हणून वंध्यत्व. माणसात असा त्रिगुणित गर्भ, 69 गुणसूत्रांचा, बहुधा गर्भपातातच संपतो. केशराला कंदाने तारले. ग्रीसमधील क्रोकस कार्टराइटियानस या रानटी जातीपासून ते उपजले, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनी दाखवून दिले. तेव्हापासून आजवर प्रत्येक रोप माणसाने कंद उकरून, वेगळा करून, पुन्हा पुरल्यामुळेच जगले आहे.

ही गुणसूत्रे मोजायची तर पेशीविभाजन मध्येच रोखावे लागते. त्यासाठी प्रयोगशाळेत वापरात आलेले कोल्चिसीन हेही एका दृढकंदाच्याच वनस्पतीतून मिळते. ती कोल्चिकम ऑटम्नेल. फूल जांभळट, बहर शरदातला, इंग्रजी नावही 'कुरणातले केशर' अशा अर्थाचे; मात्र ती भयंकर विषारी. ओळखण्याची खूण सोपी आहे: केशरात केसरदले तीन, कोल्चिकममध्ये सहा. गाउटवर आपण मोजून मापून देतो ते औषध याच कुळातले. हौसेने परदेशी कंद मागवून कुंडीत लावणाऱ्यांनी, विशेषतः घरात लहान मुले असतील तर, ही खूण ध्यानात ठेवावी.

आता मुख्य मुद्दा. केशराचा कंद निव्वळ ताटलीत, मातीपाण्यावाचून ठेवला तरी योग्य थंडी मिळताच फुलतो, कारण शिदोरी त्याच्या पोटात असते. पण किती फुले येणार हे त्याच्या वजनावर ठरते. म्हणून लागवडीसाठी साधारण आठ ग्रॅमच्या वरचे कंद निवडतात. फार लहान कंद त्या वर्षी फुलतच नाही, नुसती पाने काढतो. म्हणजे ऑक्टोबरातल्या फुलाचा निकाल आदल्या वसंतातच, आईकंदाच्या पानांनी किती अन्न पोहोचवले यावर लागलेला असतो. जन्मवजनाची नोंद करणाऱ्या डॉक्टरला हे गणित ओळखीचे वाटेल. पूर्ण दिवसांचे बाळही पहिल्या काही महिन्यांना पुरेल एवढे लोह आईकडून घेऊनच जन्मते.

बाळाचा वर्ण मात्र अशा शिदोरीतून येत नाही. तो मेलॅनिनचा, आणि मेलॅनिन किती व कोणते हे आईवडिलांच्या जनुकांनी ठरते. क्रोसिन दुधाला पिवळे करते, गर्भाच्या त्वचेला उजळ करीत नाही. दोनचार काड्या चवीपुरत्या घ्यायला हरकत नाही. औषधी मात्रेत, ग्रॅमच्या मापात, गर्भवतीने केशर घेऊ नये. तान्ह्याला तर पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच नको, केशरही नको. शिवाय डबीत असते ते केशरच असेल याची खात्री कुठे? महाराष्ट्र-कर्नाटकात पिकणाऱ्या करडईच्या सुक्या पाकळ्या त्यात सर्रास मिसळतात. भिजवून पाहिल्यास करडईची नळी टोकाला पाच पाळ्यांत फुटलेली दिसते. केशराची काडी टोकाकडे तुतारीसारखी रुंदावते, पाण्याला सावकाश पिवळा रंग देते आणि स्वतः लालच राहते. भिजताच लाल पाणी सोडून पांढुरकी पडणारी काडी रंगवलेली समजावी.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील गर्भवतींपैकी 52 टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या. सरकारी कार्यक्रमात त्यांना दुसऱ्या तिमाहीपासून 180 दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. ती बाधते, मळमळते, काळे शौच होते म्हणून कोपऱ्यात पडून राहते, आणि महागडे केशर मात्र नेमाने दुधात पडते. काही घरांत तर मुलगी सावळी जन्मली याचा दोष आईने केशर चुकवल्यावर जातो; ओल्या बाळंतिणीला असे बोल ऐकवणे हा अन्याय आहे, आणि तो थांबवण्यासाठी आपण डॉक्टरांनी आजीलाही समोर बसवून बोलले पाहिजे.

केशर सणाला, श्रीखंडात, कोजागिरीच्या दुधात जरूर घालावे. त्याचा तो मान आहे. गर्भवतीच्या ताटात मात्र आधी डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, दूध आणि ती लोहाची गोळी असावी. या झाडाच्या आईकंदाने बाळकंदाला कधी रंग दिला नाही, वजन दिले. फूल त्यातून आपसूक आले.