२५ टीबीमध्ये १०० टीबी डेटा कसा मावतो? डीडुप्लिकेशन आणि कॉम्प्रेशनचं गणित

एंटरप्राइझ फ्लॅश स्टोरेजचं कोटेशन पाहिलंत तर त्यात कपॅसिटीचे दोन आकडे दिसतील. एक ‘युजेबल’, दुसरा ‘इफेक्टिव्ह’. समजा युजेबल २५ टीबी आहे आणि इफेक्टिव्ह १०० टीबी. मग मधले ७५ टीबी आले कुठून? हार्डवेअर तर तेवढंच आहे!

हे ७५ टीबी एका गृहीतकावर उभे आहेत: तुमचा डेटा ४:१ या प्रमाणात आकसेल. गृहीतक बरोबर निघालं तर मोठी बचत होते. चुकलं तर स्टोरेज अपेक्षेच्या कितीतरी आधी भरतं, आणि भरलेल्या स्टोरेजवर डेटाबेस नवीन नोंद लिहू शकत नाही, म्हणजे कामच ठप्प. म्हणून हा आकसण्याचा प्रकार आतून कसा चालतो ते पाहू.

डीडुप्लिकेशन: एकच गोष्ट दोनदा ठेवायची नाही

एका कंपनीत १०० व्हर्च्युअल मशीन्स आहेत आणि प्रत्येकात तीच २० जीबीची ऑपरेटिंग सिस्टिम आहे असं धरा. साध्या हिशेबाने २,००० जीबी लागतील. पण मजकूर एकच असेल तर २० जीबी एकदा ठेवून बाकी ९९ ठिकाणी फक्त ‘तिकडे बघ’ अशी खूण ठेवली तरी भागतं.

सिस्टिम येणारा डेटा छोट्या ब्लॉकमध्ये तोडते. नेटॲपच्या ऑनटॅपमध्ये हा ब्लॉक ४ केबीचा असतो. प्रत्येक ब्लॉकचा हॅश काढला जातो, म्हणजे त्या मजकुराच्या बोटांचा ठसाच. हा ठसा टेबलमध्ये आधीच असेल तर नवीन ब्लॉक लिहिला जात नाही. फक्त पॉइंटर जोडला जातो आणि ‘हा ब्लॉक किती जण वापरतात’ हा काउंट एकने वाढतो.

इथे एक रास्त शंका येते. दोन वेगळ्या ब्लॉकचा हॅश चुकून एकच आला तर? एक पेटाबाइट डेटात ४ केबीचे सुमारे २७,५०० कोटी ब्लॉक होतात. एसएचए-२५६ वापरला तर त्यातल्या कुठल्याही दोघांची अशी टक्कर होण्याची शक्यता लिहिताना दशांशचिन्हानंतर पन्नासहून जास्त शून्यं द्यावी लागतील. तरीही काही सिस्टिम लहान हॅश वापरतात आणि ठसा जुळला की मूळ ब्लॉक वाचून बाइट-बाय-बाइट ताडून पाहतात.

या सोयीची किंमत मेमरीत मोजावी लागते. १ टीबीमध्ये ४ केबीचे सुमारे २६.८ कोटी ब्लॉक. प्रत्येकाचा ३२ बाइटचा हॅश धरला तर नुसते हॅशच ८ जीबी होतात. १०० टीबीला ८०० जीबी! म्हणून पूर्ण टेबल रॅममध्ये न ठेवता सतत लागणारा भाग रॅममध्ये आणि बाकीचा फ्लॅशवर, अशा तडजोडी कराव्या लागतात.

कॉम्प्रेशन: ब्लॉकच्या आतली पुनरावृत्ती

डीडुप्लिकेशन पूर्ण ब्लॉक जुळतो का ते बघतं. कॉम्प्रेशन त्या ब्लॉकच्या आत डोकावतं. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी १९७७ मध्ये मांडलेली कल्पना आजही वापरात आहे: एखादा तुकडा पुन्हा आला तर तो परत लिहू नका, ‘इतके बाइट मागे जा आणि इतके बाइट उचला’ एवढंच लिहा. एलझेड४ आणि झेड-स्टँडर्ड हे त्याच घराण्यातले. एलझेड४ चा भर वेगावर आहे, तर झेड-स्टँडर्ड थोडा जास्त वेळ घेऊन डेटा आणखी लहान करतो.

मराठी मजकूर तर कॉम्प्रेशनसाठी पर्वणीच आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. त्यात प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो आणि दुसऱ्या बाइटला फक्त दोन पर्याय असतात. जिथे पुढचं ओळखता येतं, तिथे जागा वाचवता येते.

फ्लॅशवरच हे इतकं का शोभतं?

डीडुप्लिकेशनमुळे एका फाइलचे ब्लॉक इकडेतिकडे विखुरतात. हार्ड डिस्कवर प्रत्येक उडीसाठी हेड हलवावं लागतं आणि त्यात काही मिलिसेकंद जातात. फ्लॅशमध्ये हलणारा भागच नाही, त्यामुळे विखुरलेलं वाचणं फारसं जड जात नाही.

दुसरं कारण फ्लॅशच्या आयुष्याचं. फ्लॅशचे सेल ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतात. डेटा लिहिण्याआधीच आकसवला तर लिहिणं कमी होतं आणि झीजही कमी होते.

गणित कुठे फसतं?

जेपीईजी फोटो, व्हिडिओ, झिप फाइल्स हे सगळं आधीच आकसलेलं असतं. ते पुन्हा काय आकसणार? पण माझ्या मते सगळ्यात जास्त धोका एन्क्रिप्शनचा आहे. चांगलं एन्क्रिप्शन डेटाला रँडम दिसायला लावतं, आणि रँडम डेटात पुनरावृत्ती नसते.

वरच्याच २५ टीबीवर ८० टीबी डेटा ४:१ ने बसवलाय, म्हणजे २० टीबी भरलंय असं समजा. आता सिक्युरिटी टीमने डेटाबेसच्या पातळीवर एन्क्रिप्शन चालू केलं, तेही ८० पैकी फक्त १० टीबीवर. तो भाग आधी अडीच टीबीत मावत होता, आता पूर्ण १० टीबी घेईल. एकूण साडेसत्तावीस टीबी. स्टोरेज ओसंडलं! डेटा मात्र एका बाइटनेही वाढलेला नाही. याचा अर्थ एन्क्रिप्शन टाळा असा मुळीच नाही. स्टोरेज सिस्टिम स्वतः आधी डेटा आकसवून मग एन्क्रिप्ट करत असेल तर बचत टिकते. पण डेटाबेसमध्येच एन्क्रिप्शन हवं असेल, तर खरेदीच्या वेळीच तेवढा भाग १:१ धरा.

जागा कमी पडली की डिलीट करू, हाही उपाय भरवशाचा नाही. १ टीबीचं व्हर्च्युअल मशीन उडवलं तर फक्त त्याचे एकट्याचे ब्लॉक मोकळे होतात. इतर कोणी वापरत असलेले ब्लॉक जागचे हलत नाहीत.

आणखी एक, मोठ्या रेशोला भुलू नका. २:१ म्हणजे ५० टक्के बचत, ४:१ म्हणजे ७५, ५:१ म्हणजे ८०, आणि १०:१ म्हणजे ९०. रेशो ५ वरून १० वर गेला की दुप्पट वाटतो, पण मूळ डेटाच्या हिशेबात जागा फक्त १० टक्के जास्त वाचते.

तेव्हा व्हेंडरला तीन प्रश्न नक्की विचारा. हा रेशो कोणत्या प्रकारच्या डेटावर काढलाय? त्यात स्नॅपशॉट आणि थिन प्रोव्हिजनिंग धरलंय का? (ते धरलं की आकडा फुगतो.) आणि प्रत्यक्षात रेशो कमी आला तर जास्तीची फ्लॅश फुकट देणार का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.